निजामशाही दफ्तर व अरबी वाचक : परमुलखीं जाणाऱ्या कागदांचा विचार

१

नगर जिल्ह्यांतील मनुष्य नोकरीनिमित्त मस्कत, दुबई, कुवेत किंवा रियाध येथें जावयास निघाला म्हणजे त्याच्या पेटींत कपड्यांबरोबर कागदांची एक पुडी असते : जन्माचा दाखला, पदवीपत्र, विवाहनोंदीचा उतारा. ह्या कागदांचा अरबी तर्जुमा झाल्यावांचून तेथील कचेऱ्यांत पुष्कळदां त्यांस किंमत येत नाहीं. हा प्रकार खनिज तेलाच्या संपत्तीबरोबर गेल्या पन्नास-साठ वर्षांत निर्माण झाला, अशी सामान्य समजूत आहे. संख्येपुरती ती खरी आहे. परंतु आपल्याकडील राजपत्र व अरबी वाचक यांची गांठ हजार वर्षांपूर्वींच पडली होती; आणि परभाषेंत गेलेल्या कागदाचें प्रामाण्य कशावर ठरतें, हा प्रश्न तेव्हांही आजच्या इतकाच अवघड होता. त्या प्रश्नाचा निजामशाहीच्या अनुरोधानें विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शहराचें व जिल्ह्याचें नांव इ. स. २०२४ पासून सरकारी कागदांत अहिल्यानगर असें झालें आहे. येथें निजामशाहीविषयीं बोलावयाचें असल्यामुळें जुनेंच नांव वापरलें आहे. नांवाच्या ह्या पालटाचा प्रस्तुत विषयाशीं निकटचा संबंध आहे, तो शेवटीं येईल.

आरंभींच एक मर्यादा सांगितली पाहिजे. निजामशाही दरबाराची लेखनभाषा फारसी होती, अरबी नव्हे. इराणच्या शहाशीं, मोगलांशीं, विजापूर-गोवळकोंड्याशीं होणारा पत्रव्यवहार फारसींत चाले. गांवचा हिशेब, वतनाचे निवाडे व कौल मराठींत चालत. अरबीचें क्षेत्र यांहून निराळें व लहान होतें : धर्मशास्त्र, काजीचे निवाडे, शिलालेख, हरमैनच्या यात्रेचा व अरब किनाऱ्याचा व्यवहार, आणि मिती. क्षेत्र लहान असलें तरी त्याचा ठसा खोल आहे, व तो शोधण्यास अरबस्तानांत जावें लागत नाहीं. मोडी रुमालांतच तो सांपडतो.

२

निजामशाहीचें मुख्य बंदर चौल. अरब भूगोलकार त्यास सैमूर म्हणत. मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्यें, येथें आला होता. त्या वेळीं येथें शिलाहार झंझ राज्य करीत होता. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादि ठिकाणचे सुमारें दहा हजार मुसलमान येथें राहत असून त्यांचे तंटे तोडण्यास राजानें त्यांच्यांतीलच एक प्रमुख नेमला होता, असें तो लिहितो. परकी व्यापाऱ्यास त्याच्या भाषेंत व त्याच्या शास्त्राप्रमाणें न्याय मिळावा, पण नेमणूक मात्र येथल्या राजाची असावी, अशी ही व्यवस्था होती. परमुलखीं चालेल असा कागद तयार करण्याचें काम अशाच प्रमुखाच्या हातून व्हावें, हें उघड आहे. कारण दोन्ही बाजूंस ज्याची ओळख आहे असा पुरुष तोच.

ह्याच काळांतला एक संस्कृत लेख याहून बोलका आहे. ठाण्याच्या उत्तरेस चिंचणी येथें सांपडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांपैकीं शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६, च्या पटांत संयान-मंडलाचा अधिपति म्हणून मधुमति नांवाच्या ताजिकाचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब; आणि मधुमति म्हणजे मुहम्मद, असें दिनेशचंद्र सरकार यांनीं दाखविलें. ह्या अधिकाऱ्याच्या संमतीनें एका ब्राह्मणानें बांधलेल्या भगवतीच्या मठिकेस दान मिळालें, आणि त्याचें राजपत्र शुद्ध संस्कृतांत कोरलें गेलें. नांव लिहिणाऱ्या पंडितानें मुहम्मद ह्या शब्दाचा अर्थ केला नाहीं. कानास जवळचा व संस्कृतांत शोभणारा शब्द योजला. ही युक्ति सुंदर खरी. पण तिचा परिणाम असा कीं, मूळ मनुष्य ओळखण्यास हजार वर्षांनंतर पुरालेखज्ञाची गरज पडली.

तिसरा दाखला सोमनाथ-वेरावळचा. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज यानें इ. स. १२६४ मध्यें तेथें मशीद बांधून तिच्या खर्चासाठीं उत्पन्न नेमून दिलें. त्याचा एक लेख संस्कृतांत आहे व एक अरबींत. संस्कृत लेखांत परमेश्वरास विश्वनाथ म्हटलें आहे, आणि एकाच वर्षाचे चार आंकडे दिले आहेत : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ व सिंह १५१. खर्च भागून उरलेली रक्कम मक्का-मदिनेस पाठवावी, असेंही त्यांत आहे. अरबी लेखाचा सूर मात्र निराळा आहे; तो मुसलमान वाचकासाठीं लिहिलेला असून त्यांतील प्रार्थना व विशेषणें इस्लामी परंपरेचीं आहेत. म्हणजे हे दोन लेख एकमेकांचे शब्दशः तर्जुमे नाहींत. तरीही दोहोंत एकच पुरुष, एकच राजा, एकच इमारत व एकच वर्ष ओळखूं येतें. भाषा बदलली, भाव बदलला, देवाचें नांवसुद्धां बदलले. पण कर्ता, स्थळ व काळ ह्या खुणा पक्क्या राहिल्या.

ह्यावरून प्रस्तुत लेखाचा सिद्धांत मांडतों. परभाषेंत जाणाऱ्या राजपत्राचें प्रामाण्य त्यांतील वाक्यांच्या शब्दशः भाषांतरावर अवलंबून नसून नांव, मिती आणि मुद्रा ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असतें. वाक्य थोडें इकडे-तिकडे झालें तर कागद चालतो. ह्या तिहींपैकीं एक जरी ढळली तरी तो बुडतो. मुद्रा ह्या शब्दांत शिक्क्याबरोबर त्या कागदास जबाबदार असणाऱ्या पुरुषाचाही समावेश मी करतों.

३

आतां निजामशाहीकडे वळूं. मलिक अहमदानें इ. स. १४९० मध्यें स्वातंत्र्य पुकारलें व १४९४ च्या सुमारास नगर वसविलें. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मण कुळांतला, असें फिरिश्ता सांगतो. आजाचें नांव भैरव. फारसी लिपींत व परक्या जिभेवर त्याचें बहिरी झालें, आणि बहिरी म्हणजे तर ससाणा. ज्या घराण्याच्या दफ्तराचा आपण विचार करीत आहों, त्याचें उपनांवच अशा रीतीनें लिपीच्या फेऱ्यांत सांपडलें व तेंच पुढें राजचिन्हासारखें मिरविलें गेलें. चिंचणीच्या पंडितानें मुहम्मदाचा मधुमति केला; बेदरच्या दरबारानें भैरवाचा बहिरी केला. दोन्हींचा न्याय एकच.

राज्य डोंगरावर, पण त्याची नाडी चौलास होती. इ. स. १५०८ मध्यें चौलच्या खाडींत मिसरच्या ममलूक सुलतानाच्या आरमारानें व मलिक अयाझनें पोर्तुगीजांशीं लढाई दिली, तींत पोर्तुगीज विसोरेईचा पुत्र पडला. पुढें १५२१ पासून रेवदंड्यास पोर्तुगीजांचा कोट उभा राहिला; १५७०-७१ मध्यें मूर्तजा निजामशहानें त्यास वेढा घातला, पण कोट पडला नाहीं. ह्या काळांत जेद्देकडे जाणाऱ्या जहाजास पोर्तुगीजांचा परवाना जवळ बाळगावा लागे. म्हणजे यात्रेकरूचें वा व्यापाऱ्याचें जहाज निघे तेव्हां त्यावरचे कागद पोर्तुगीज अधिकाऱ्यास पटले पाहिजेत, आणि जेद्देस उतरल्यावर तेथील अरबी वाचणाऱ्या अंमलदारास पटले पाहिजेत, असा दुहेरी प्रसंग होता.

अशा प्रसंगास लागणारे विद्वान नगरास होते. बुऱ्हाण निजामशहानें शाह ताहिर ह्या इराणांतून आलेल्या पंडितास आश्रय दिला व त्याच्या उपदेशानें १५३७ मध्यें शिया पंथ राजपंथ केला. नगरांतील बारा इमामांचा कोटला ही त्याच काळची व त्याच प्रेरणेची वास्तु. शाह ताहिरच्या पत्रांचा संग्रह इंशा म्हणून प्रसिद्ध आहे. दरबारी पत्रलेखनाचा नमुना म्हणून तो पुढें नकलला जात असे. इराणचा शाह तहमास्प याजकडे गेलेला निजामशाही वकील खुर्शाह १५४५ मध्यें तेथें पोंचला व बरींच वर्षें राहिला. त्यानें फारसींत जगाचा इतिहास लिहिला, तो निजामशहाच्या वकिलाचा इतिहास ह्याच नांवानें ओळखला जातो. वकील म्हणजे केवळ पत्र पोंचविणारा जासूद नव्हे. पत्राचा अर्थ विचारल्यास उत्तर देणारा, आणि अर्थ चुकल्यास ज्यास जाब विचारतां येईल असा तो पुरुष. वर सांगितलेल्या मुद्रेचेंच हें चालतें-बोलतें रूप होय.

अरबीचा मान दरबारांत किती होता याची एक मनोरंजक साक्ष पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता देतो. तो बुऱ्हाण निजामशहाच्या औषधोपचारास नगरास येत असे. त्याचा वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें शहानें आपणांस शिकविलीं व आपण त्यास लॅटिन नांवें शिकविलीं, असें तो त्यांत सांगतो. दख्खनच्या राजानें युरोपियन वैद्यास अरबी शिकवावी, यांत नवल वाटण्यासारखें असलें तरी कारण सरळ आहे. वैद्यक, ज्योतिष व धर्मशास्त्र ह्यांची परिभाषा त्या जगांत अरबीच होती. जशी आपल्याकडे ती संस्कृत होती. बोलणें कोणत्याही भाषेंत होवो, वस्तूचें निश्चित नांव शास्त्रभाषेंत सांगावयाचें, हा शिष्टांचा परिपाठ.

अरबी जगाशीं नगरचा प्रत्यक्ष संबंध सर्वांत अधिक आला तो मलिक अंबराच्या वेळीं. हा जन्मानें हबशी. गुलाम म्हणून विकला जाऊन अरबांच्या मुलखांतून बगदादेस व तेथून दख्खनेंत आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरीं राहिला. पुढें बुडत्या निजामशाहीचा तोच आधार झाला. १६२६ मध्यें तो वारला. आपण त्यास जमाबंदीमुळें व गनिमी काव्यामुळें ओळखतों. अरब लेखक त्यास दाता म्हणून ओळखतात. हद्रमौतांतील तरीमचा चरित्रकार मुहम्मद अश्-शिल्ली यानें त्याच्या औदार्याचें वर्णन केलें आहे. तरीमचे ऐदरूस घराण्यांतील सय्यद शैख बिन अब्दुल्ला दख्खनेंत आले, अंबराकडे त्यांचा सन्मान झाला, व १६३१ मध्यें ते दौलताबादेस वारले. तरीमच्या सय्यदांशीं दानधर्माचा व्यवहार करावयाचा तर तो अरबींतच होणें स्वाभाविक होतें. ज्याचें तारुण्य अरबांत गेलें त्या अंबरास त्यासाठीं दुभाष्याची फारशी गरज पडली नसावी. पण अंबर हा अपवाद. इतर राज्यकर्त्यांस दुभाष्यावांचून गति नव्हती.

४

दुभाष्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न ह्या किनाऱ्यावर फार जुना आहे. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास उतरला तेव्हां पोर्तुगालच्या राजाचीं दोन पत्रें त्याच्याजवळ होतीं : एक पोर्तुगीज भाषेंत व एक अरबींत. सामुरीसमोर तीं वाचण्याचा प्रसंग आला तेव्हां गामा अडला. पोर्तुगीज येथें कोणास येत नव्हती, आणि अरबी वाचणारे तर त्याचे प्रतिस्पर्धी व्यापारी. ते मजकूर फिरवितील ह्या भीतीनें त्यानें अरबी जाणणारा ख्रिस्ती मनुष्य मागितला. तसा एक मिळालाही. पण त्यास अरबी बोलतां येई, वाचतां येत नसे. अखेरीस तें पत्र चार मुसलमानांनीं आपसांत वाचून मग राजास वाचून दाखविलें.

ह्या हकीकतींत तर्जुम्याच्या सर्व अडचणी एकत्र झाल्या आहेत. भाषा येणारा मनुष्य हितसंबंधी असतो; निःपक्ष मनुष्यास भाषा येत नाहीं; बोलणाऱ्यास वाचतां येत नाहीं. त्यांतून निघालेली तोडही लक्षांत घेण्यासारखी आहे. एकट्या वाचकावर भार न टाकतां चौघांनीं मिळून वाचलें. आपल्याकडे महजर करतांना पांढरीच्या बारा बलुत्यांची व वतनदारांची साक्ष घालीत, त्यांतील तत्त्व हेंच. एकाची चूक अथवा लबाडी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जावी.

दख्खनच्या शाह्यांनीं ह्या अडचणीवर कागदांतच एक उपाय योजला होता. अनेक फर्मानांत वर फारसी मजकूर व खालीं त्याचाच मराठी मजकूर असे, आणि शिक्का एक. फारसी जाणणारा अंमलदार व मराठी जाणणारा पाटील-कुळकर्णी हे दोघेही एकाच कागदाशीं बांधलेले. मूळ एकीकडे व तर्जुमा दुसरीकडे असा भेद राहत नाहीं. त्यामुळें तर्जुम्यांत लबाडी करावयाची तर ती मुळाच्या शेजारींच करावी लागे. वेरावळच्या दोन शिळांपेक्षां हें दुभाषी फर्मान एक पायरी पुढें आहे, असें मला वाटतें.

५

आतां मितीचा विचार करूं. कारण अरबीचा खरा मुक्काम आपल्या दफ्तरांत तेथेंच आहे. निजामशाहींतील व पुढें मराठेशाहींतील कागदांवर शुहूर सन येतो. हा सौर असून मृगापासून सुरू होतो. त्याचा आरंभ इ. स. १३४४ च्या सुमारास झाला असावा, असें विद्वान मानतात. शुहूर आंकड्यांत ५९९ मिळविले म्हणजे त्या मृगास चालूं असलेला इसवी सन येतो; जानेवारीनंतर ६०० मिळवावे लागतात. हा आंकडा अंकांत न लिहितां अरबी शब्दांत लिहीत. उदाहरणार्थ, नगरजवळच्या भातवडीस अंबरानें मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला तें १६२४ चें उत्तरार्ध शुहूर १०२५ मध्यें पडतें. तें वर्ष लिहावयाचें तर खमस अशरीन व अलफ असें लिहीत. खमस म्हणजे पांच, अशरीन म्हणजे वीस, अलफ म्हणजे हजार. एकं-दहं-सहस्र असा हा क्रम आपल्या ज्योतिषग्रंथांतील अंकांच्या वामगतीसारखाच आहे.

ह्या शब्दांस अपभ्रंश म्हणून बाजूस सारण्याची चाल आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें पाहिल्यास मात्र ते फार जपून राखलेले दिसतात. अरबींत वर्षवाचक सना हा शब्द स्त्रीलिंगी. म्हणून त्याबरोबर एक ही संख्या स्त्रीलिंगी रूपांत येते, आणि मराठी कारकून नेमाने इहिदे लिहितो, पुल्लिंगी अहद लिहीत नाहीं. तीन ते नऊ ह्या संख्यांचें लिंग अरबींत उलट चालतें. स्त्रीलिंगी नामाबरोबर त्या तकारान्त प्रत्यय टाकतात. आपल्या कागदांतील सलास, अर्बा, खमस, सबा, तिसा हीं रूपें तशींच प्रत्ययरहित आहेत. संस्कृतांत त्रयः, तिस्रः, त्रीणि असा भेद ज्यानें घोकला आहे त्यास ह्यांतील मौज सांगावयास नको. दशकांची रूपें अशरीन, सलासीन, खमसैन अशी तिरकी, म्हणजे षष्ठ्यन्त आहेत. बोलींतही तींच रूढ झालीं असलीं तरी वर्षाच्या उच्चारांत तीं शास्त्रशुद्धच आहेत. आणखी एक गोष्ट. जून १७९९ मध्यें शुहूर १२०० लागलें, तेव्हांपासून कारकून मयातैन व अलफ लिहूं लागले. मया म्हणजे शंभर. मयातैन म्हणजे दोनशें, आणि तें द्विवचन आहे. ज्या मराठींत द्विवचन उरलें नाहीं, तिच्या लेखकांच्या लेखणींतून पेशवाईच्या अखेरीपर्यंत अरबी द्विवचन रोज उतरत होतें.

ह्याचें महत्त्व केवळ व्याकरणापुरतें नाहीं. राजवाड्यांनीं १६२८, १६७७ व १७२८ ह्या सालांतील कागद ताडून पाहिले, तेव्हां मराठी शब्दांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४, ६३ व ९४ असें वाढत गेलेलें आढळलें. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांनीं राज्यव्यवहारकोश रचून यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. शिवछत्रपतींची मुद्रा संस्कृत होती. राज्याभिषेक शकही सुरू झाला. एवढें होऊनही अरबी मिती गेली नाहीं. १८१८ पर्यंत ती कागदावर आहेच. शब्द बदलले, पण मितीची चौकट राखली. कारण असें कीं, शब्द बदलल्यानें कोणाचें वतन बुडत नाहीं. मितीची परंपरा तुटली तर जुन्या सनदेशीं नवी सनद जुळेनाशी होते. राज्य पालटलें तरी कागद वाचतां आला पाहिजे, ही दृष्टि त्यांत आहे.

६

आजच्या तर्जुमाकारास ह्या इतिहासांतून एक विशेष धोका उत्पन्न झाला आहे, आणि तो दुसऱ्या कोणत्या भाषेंत एवढ्या प्रमाणांत क्वचितच असेल. आपल्या सरकारी मराठींत शेंकडों शब्द मुळांत अरबी आहेत. फारसीच्या हातून ते येथें आले, चार-पांचशें वर्षें नांदले, आणि त्यांचे अर्थ पालटले. मराठी कागद अरबींत उतरवितांना हे शब्द माहेरीं परततात. पण माहेरीं त्यांस आतां कोणी ओळखत नाहीं.

कांहीं उदाहरणें पाहावीं. वतन म्हणजे आपल्याकडे वंशपरंपरेची वृत्ति, अरबींत मायभूमि. तक्रार म्हणजे गाऱ्हाणें, अरबींत पुनरुक्ति. खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, अरबींत सारांश. गरीब म्हणजे निर्धन, अरबींत परका. कायदा म्हणजे राजनियम. अरबींत पाया अथवा सूत्र, आणि राजनियमास कानून. वकील म्हणजे कोर्टांत भांडणारा. अरबींत मुखत्यार, व कोर्टांतला तो मुहामी. जिल्हा हा शब्द ज्यावरून आला त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बरगडी. दाखला याचें मूळ प्रवेशवाचक. अरबींत प्रमाणपत्रास शहादा म्हणतात. हरकत म्हणजे हालचाल. तेव्हां आपल्या कचेरींतून मिळणारा ना-हरकत दाखला कोणी शब्दास शब्द ठेवून अरबींत नेला, तर वाचणारास त्यांत हालचालीचा निषेध आणि प्रवेश एवढेंच दिसेल. संमति दिसणार नाहीं. शब्द ओळखीचा आहे म्हणूनच येथें चूक होते. पूर्ण अनोळखी शब्दाचा मनुष्य कोश पाहतो. ओळखीच्याचा पाहत नाहीं.

नांवांची अडचण याहून मोठी. लिखित अरबींत प, च, ट, ड, ण, ळ हीं अक्षरें नाहींत. महाप्राण व्यंजनांसही स्वतंत्र अक्षरें नाहींत. चौलचें सैमूर झालें तें ह्याच कारणानें. आज पारनेरचें बारनेर होतें, पाथर्डीचें बाथर्दी होतें. पाटील हें आडनांव बातील असें लिहिलें जातें. अरबींत बातिल म्हणजे रद्द, आणि आपल्याकडील बातल हा शब्दही त्यापासूनच आला. त्या दोन शब्दांत तकाराचा व स्वराचा भेद आहे, म्हणून जाणता वाचक फसणार नाहीं. पण घाईंत लिहिणाऱ्याच्या हातून तो भेद सांभाळला जाईल याची हमी कोणी द्यावी? एकाच मनुष्याचें आडनांव जन्माच्या दाखल्यांत एका रीतीनें व पदवीपत्रांत दुसऱ्या रीतीनें अरबींत उतरलें, म्हणजे कचेरीच्या दृष्टीनें ते दोन मनुष्य झाले. त्यांतून अडतें तें पोटाचें काम : वेतन, कुटुंबास नेण्याची परवानगी, आणि दुर्दैवानें परमुलखीं मृत्यु आला तर मागच्यांचा वारसा.

७

मुद्रेची व्यवस्था आज नव्या नांवानें चालते. हेग येथें १९६१ मध्यें झालेल्या करारान्वयें एका राष्ट्राच्या सरकारी कागदावर त्याच राष्ट्राच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानें एक ठराविक प्रमाणचिठ्ठी लावली, म्हणजे करारांतील इतर राष्ट्रें ती मुद्रा मानतात. भारत त्यांत २००५ मध्यें आला. सौदी अरबस्तानास तो करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. जेथें तो लागू नाहीं, तेथें आपल्या परराष्ट्र खात्यानंतर त्या राष्ट्राच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. मात्र ही प्रमाणचिठ्ठी सही व शिक्का खरा असल्याचें सांगते. मजकूर खरा असल्याचें किंवा तर्जुमा बरोबर असल्याचें सांगत नाहीं. वेरावळच्या नाखुद्यापासून आजपर्यंत हा भेद कायम आहे, आणि पुष्कळांची फसगत तो न कळल्यानें होते.

तेव्हां पूर्वजांच्या रीतींतून घेण्यासारखें काय, तें थोडक्यांत मांडतों. पहिलें, मूळ व तर्जुमा दुभाषी फर्मानाप्रमाणें एकत्र बांधलेले असावेत, व तर्जुमाकाराचें नांव आणि शिक्का त्यावर असावा. जाब देणारा पुरुष नसेल तर तर्जुमा हा नुसता मजकूर होय. दुसरें, मनुष्याच्या नांवाचें अरबी रूप एकदां ठरवून सर्व कागदांत तेंच चालवावें, आणि शेजारीं पारपत्रांतील रोमन रूप द्यावें. मुहम्मदाचा मधुमति होऊं नये. तिसरें, मितींत चार कालगणना देणाऱ्या त्या संस्कृत लेखकाचें अनुकरण करावें. जेथें हिजरी मिती मागतात तेथें इसवी मितीही राखावी. चौथें, स्थळाचें नांव पालटलें असल्यास तें तर्जुम्यांत टीप देऊन सांगावें. २०२४ पूर्वीं दिलेल्या दाखल्यांत अहमदनगर आहे व पुढच्या कागदांत अहिल्यानगर येणार. आपणांस दोन्ही एकच हें ठाऊक आहे. कुवेतच्या कारकुनास तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. मूळ कागद फिरविण्याचा अधिकार तर्जुमाकारास नाहीं, म्हणून जुनें नांव जुनेंच ठेवून त्याचा संबंध नव्याशीं दाखवावा.

संशोधकांसही एक विनंति आहे. मोडी कागद छापतांना शुहूर मितीचे अरबी शब्द गाळून केवळ इसवी सन देण्याची, किंवा ते शब्द सुधारून लिहिण्याची प्रवृत्ति दिसते. तसें करूं नये. कारकुनानें इहिदे लिहिलें कीं अहद, मयातैन लिहिलें कीं दोन मया, ह्यावरून त्याची परंपरा कळते, आणि बनावट सनद पकडण्यासही पुष्कळदां हीच खूण उपयोगी पडते. लबाड मनुष्य मजकूर उत्तम साधतो. मितीच्या व्याकरणांत तो घसरतो.

ज्या कुळकर्ण्यानें आयुष्यांत समुद्र पाहिला नाहीं, ज्यास अरबीचें एक वाक्य बोलतां येत नव्हतें, त्यानें कागदाच्या शिरोभागीं परक्या भाषेचें लिंग व वचन शतकानुशतकें बिनचूक राखलें. वडिलांनीं लिहिलें तसेंच लिहावयाचें, स्वतःची अक्कल घालावयाची नाहीं, एवढाच त्याचा नियम होता. परमुलखीं जाणाऱ्या कागदाच्या नांवास, मितीस व मुद्रेस तोच नियम लावावा. बाकीच्या मजकुरास मात्र अक्कल, कोश व दुसऱ्याचे डोळे हीं तिन्ही लागतात.